कॉन्ट्रा, व्हाइस सिटी आणि तो डब्बा टीव्ही: जुने गेम आता इतके वेगळे का दिसतात

तुमचा प्रश्न वाचला आणि लगेच लिहायला बसलो, कारण हा माझ्या रोजच्या कामाचाही प्रश्न आहे आणि लहानपणाचाही. तुम्ही विचारलंय की शाळेत असताना कॉन्ट्रा आणि नंतर कॉलेजात व्हाइस सिटी बघून डोळे दिपायचे, परवा हौसेने दहा वर्षांच्या मुलाला ५५ इंची टीव्हीवर दोन्ही लावून दाखवले तर सगळं चौकोनी चौकोनी, रंग भडक, माणसांचे हात म्हणजे लाकडाचे ठोकळे, आणि मुलगा म्हणाला, "बाबा, हे खराब झालंय का?" मग आपण तेव्हा खरंच असलं बघून खूश व्हायचो की आठवण फसवते?

मी अठरा वर्षं गेम आर्टमध्ये आहे, पुण्यात, बहुतेक काम टेक्स्चरचं, म्हणजे गेममधल्या वस्तूंवर चिकटवायच्या चित्रांचं, आणि लायटिंगचं. आठवण थोडी फसवते, पण तुम्हाला वाटतंय तेवढी अजिबात नाही. तुम्ही १९९५ साली जे बघितलं आणि परवा जे बघितलं ती दोन वेगळी चित्रं होती. गेम तोच, कोड तोच, चित्र वेगळं. आणि तुमच्या मुलाला जे खुपलं त्यात निम्मं तरी तुमच्या नव्या टीव्हीचं आहे. उरलेलं निम्मं गेमचंच आहे, तेही सांगतो, पण आधी टीव्हीचं.

मी मिरजेचा. आमच्याकडे मे महिन्याच्या सुट्टीत सगळ्या चुलत भावंडांनी पैसे काढून टीव्ही गेम आणला होता, कुणाकडे सामुराई असायचा कुणाकडे मीडिया, आतून सगळे निन्टेन्डोच्या फॅमिकॉम या जपानी गेम मशीनचेच भाऊबंद. पिवळी नाहीतर निळी कॅसेट, वर लिहिलेलं ९९९९ इन १ आणि आत फिरून फिरून तेच पंधरा-वीस गेम. टीव्हीच्या मागची अँटेनाची वायर काढून गेमची वायर लावायची, मग एकजण चॅनलचं बटण फिरवत बसणार आणि बाकीचे ओरडणार आलं आलं, गेलं, मागे घे. पडद्यावरच्या त्या मुंग्यांमधून हळूहळू मारिओचं निळं आकाश वर यायचं ना, तो क्षण मला अजून आठवतो. आणि मागून आई, की पिक्चर ट्यूब जाईल, बंद करा.

त्या पिक्चर ट्यूबमध्येच तुमच्या अर्ध्या प्रश्नाचं उत्तर आहे.

आजच्या टीव्हीला पिक्सेल असतात, म्हणजे खरोखरचे छोटे चौकोन, मोजून ठेवलेले. जुन्या ट्यूबला असे मोजलेले चौकोन नव्हतेच. मागून इलेक्ट्रॉनचा झोत यायचा, काचेच्या आतल्या बाजूला फॉस्फरचा थर, त्यावर तो झोत डावीकडून उजवीकडे एकेक ओळ रंगवत खाली यायचा. गेम सांगायचा की इथे लाल, इथे पांढरा, पण झोत काही चौकोनाच्या कडेला येऊन खटकन थांबायचा नाही, एका रंगातून दुसऱ्यात सरकत जायचा. त्यात आपल्याकडे सिग्नल यायचा तो अँटेनाच्या नाहीतर त्या पिवळ्या पिनेच्या एका वायरमधून, उजेड आणि रंग दोन्ही एकाच वायरीत कोंबलेले, आणि त्यात रंगाच्या वाट्याला फार कमी जागा, त्यामुळे रंग आडवा पसरायचा, शेजारच्या दोनचार पिक्सेलवर सांडायचा. शिवाय या गेमच्या आडव्या ओळी फक्त २४०, त्या सुद्धा दर वेळी त्याच जागी रंगवल्या जायच्या, मधल्या ओळी रिकाम्याच, म्हणून चित्रावर बारीक काळ्या रेघांची जाळी बसायची. आणि जिथे उजेड जास्त तिथे ओळ जाड व्हायची, जिथे अंधार तिथे बारीक. म्हणजे एकाच ठोकळ्यातून गोलाई तयार व्हायची, आपोआप.

हे सगळं ऐकताना दोष वाटतात, पण त्या वेळचे कलाकार हे दोष धरूनच चित्र काढत होते. कागदावर किंवा मॉनिटरवर काढायचं आणि मग साध्या टीव्हीवर लावून बघायचं की कसं दिसतंय. १९९१ च्या सॉनिकमधला धबधबा आठवा, सेगाच्या त्या मशीनला तसं पारदर्शक पाणी दाखवता यायचं नाही, म्हणून एक उभी रेघ पाण्याची, एक रिकामी, परत एक पाण्याची, अशा पट्ट्या काढल्या. साध्या वायरीतून त्या पट्ट्या एकमेकीत मिसळल्या की आरपार दिसणारं पाणी तयार. आज तोच गेम स्वच्छ स्क्रीनवर लावा, पाण्याच्या जागी गजांची खिडकी दिसते. गेमने काही बदललं नाही. पट्ट्या मिसळणारी वायर आणि ट्यूब गेली.

तसंच १९९७ च्या कॅसलव्हेनिया, सिम्फनी ऑफ द नाइटमधला ड्रॅक्युलाचा चेहरा. डोळ्याच्या जागी लाल पिक्सेल टाकलाय. एलसीडीवर तो नुसता लाल ठिपका आहे, चिकटवलेल्या टिकलीसारखा. ट्यूबवर तो लाल आजूबाजूच्या पिक्सेलमध्ये उतरतो आणि अंधारात चमकणारा डोळा होतो. मी कामाच्या ठिकाणी नवीन मुलं आली की दोन्ही स्क्रीन शेजारी ठेवून हे दाखवतो, आणि प्रत्येक बॅचमध्ये एकजण तरी ट्यूबच्या काचेजवळ नाक नेऊन बघतो की हे वेगळं चित्र आहे का म्हणून.

तुमच्या मुलाला एक गोष्ट नक्की सांगा, डक हंटची. ती बंदूक आपल्या टीव्ही गेमबरोबर यायची, आठवते ना, आणि काका लोक पण घोड्यावर बोट ठेवून बसायचे. आपल्याला वाटायचं बंदुकीतून काहीतरी टीव्हीकडे जातं. उलट होतं. बंदुकीच्या नळीत उजेड ओळखणारा सेन्सर होता, म्हणजे बंदूक बघत होती. घोडा दाबला की गेम एका क्षणापुरता सगळा पडदा काळा करायचा, पुढच्या क्षणी फक्त बदकाच्या जागी पांढरा चौकोन काढायचा, आणि नळीला आधी काळं आणि मग पांढरं दिसलं तर बदक खाली. यातला एकेक क्षण म्हणजे सेकंदाचा पन्नासावा-साठावा भाग, त्यामुळे आपल्याला फक्त एक झबका जाणवायचा. आता तीच बंदूक, तोच गेम नव्या टीव्हीला लावा, एकही बदक पडणार नाही. नवा टीव्ही आलेलं चित्र आधी आत घेतो, त्याच्यावर प्रक्रिया करतो आणि उशिरा दाखवतो, बंदूक ज्या क्षणी बघते त्या क्षणी पांढरा चौकोन अजून पडद्यावर आलेलाच नसतो, आणि तो सेन्सरही ट्यूबच्या लुकलुकणाऱ्या उजेडासाठीच बनवलेला. बाकीच्या गेमचंही थोड्याफार फरकाने हेच आहे, त्यांचा अर्धा भाग टीव्हीत होता आणि तो टीव्ही आपण भंगारवाल्याला देऊन टाकला.

अजून एक, हलत्या चित्राचं. ट्यूबवर प्रत्येक चित्र चमकून लगेच विझायचं, मधे अंधार. एलसीडी प्रत्येक चित्र पुढचं येईपर्यंत धरून ठेवतो, आणि आपला डोळा मात्र सरकणाऱ्या मारिओबरोबर सरकत असतो, त्यामुळे धरून ठेवलेलं चित्र डोळ्यात फरफटतं. म्हणून त्या जुन्या टीव्हीवर पळताना विटा स्वच्छ दिसायच्या आणि इतक्या महागाच्या टीव्हीवर पुसट होतात. त्यात बरेच नवे टीव्ही त्या पिवळ्या पिनेतून आलेला २४० ओळींचा सिग्नल चुकीचा ओळखतात, साधा टीव्हीचा कार्यक्रम समजून दोन चित्रं एकमेकांत विणत बसतात, मग कडा कंगव्यासारख्या दिसतात आणि बटण दाबल्यावर उडी उशिरा लागते. तुम्ही जुना डबा थेट लावला असेल तर तुमच्या मुलाने हेच बघितलं. तो म्हणाला खराब झालंय, ते पोरगं बरोबर बोललं, चित्र खरंच बिघडलेलं होतं.

आता गेमचं.

मारिओचा छोटा पुतळा १६ पिक्सेल उंच आणि त्यात रंग फक्त तीन. टोपी आणि पट्ट्यांची पँट लाल, कातडीचा एक, आणि केस, मिशा, शर्ट, बूट सगळ्यांना मिळून एकच तपकिरी. टोपी आहे कारण इतक्या कमी जागेत केस नीट काढता येईनात, मिशा आहेत कारण त्याशिवाय नाक कुठे संपतं ते कळेना, निन्टेन्डोच्या मियामोतोंनी १९८१ च्या डाँकी काँग या गेमसाठी हा माणूस काढला तेव्हापासून हे असंच. १९८५ चा अख्खा सुपर मारिओ ४० केबीत बसतो, आज फोनवर येणारा गुड मॉर्निंगचा एक फोटो त्याच्यापेक्षा मोठा असतो. जागा वाचवायला वरचे ढग आणि खालची झुडपं एकच चित्र वापरून केली, ढगाला पांढरा रंग, झुडपाला हिरवा. कॉन्ट्रामध्ये खूप गोळ्या आणि माणसं एका रेषेत आली की काहीजण लुकलुकायला लागतात, ते पण यातूनच, त्या चिपला एका आडव्या ओळीत आठच तुकडे दाखवता यायचे, नववा गायब, म्हणून प्रोग्रॅमर दर फ्रेमला, म्हणजे पडद्यावर येणाऱ्या प्रत्येक चित्राला, पाळी बदलायचे की आत्ता हा गायब, पुढच्या वेळी तो, म्हणजे कायमचं कुणीच अदृश्य नको.

मी हे इतकं लांबवतोय कारण या अडचणीतून जे निघालं ते म्हातारं झालेलं नाही. मारिओ खऱ्या माणसासारखा दिसतो असं त्याने कधी सांगितलंच नाही. तो चिन्ह आहे. वारली चित्रातला माणूस दोन त्रिकोण आणि चार रेघांचा असतो, त्याला कुणी म्हणत नाही की हे आता जुनं दिसतंय, अजून गुडघे काढता आले नव्हते वाटतं. तुमचा मुलगा माइनक्राफ्ट खेळत असेल, नक्की खेळत असणार, त्यातलं सगळं जग ठोकळ्यांचं आणि प्रत्येक ठोकळ्याचं टेक्स्चर १६ बाय १६ पिक्सेल, म्हणजे व्हाइस सिटीतल्या बहुतेक भिंतींपेक्षा कितीतरी कमी. ते त्याला तुटलेलं वाटत नाही. मग ठोकळे हा मुद्दा नाहीच ना. माझं इतक्या वर्षांचं मत असं आहे की गेमने खऱ्यासारखं दिसण्याचा जेवढा शब्द दिला तेवढा तो जुना होतो. आज खऱ्यासारखं म्हणजे काय याचं माप दर तीन-चार वर्षांनी पुढे सरकतं, आणि जो त्या मापावर उभा राहिला तो मागे पडतोच.

म्हणून सगळ्यात जास्त मार बसला तो पहिल्या थ्रीडी गेमना. १९९४ ला आलेलं पहिलं प्लेस्टेशन, मला फार प्रिय मशीन, पण त्याच्या चित्रात तीन गोष्टी मुळातच नव्हत्या. एक, त्रिकोणाचे कोपरे अर्ध्या पिक्सेलवर ठेवता यायचे नाहीत, पूर्ण पिक्सेलवरच, त्यामुळे कॅमेरा हळू फिरला की भिंती उड्या मारत सरकतात, थरथरतात. दोन, टेक्स्चर ताणताना लांबचं जवळचं याचा हिशोब नव्हता, म्हणून जमिनीच्या फरशा पायाखाली वाकतात, पोहतात. तीन, कोण पुढे कोण मागे हे पिक्सेल पिक्सेलला तपासायची सोय नव्हती, त्रिकोण मागून पुढे रचून काढायचे, कधीकधी पाय भिंतीतून बाहेर. तेव्हा १४ इंची टीव्ही, सहा फूट अंतर, वरून ट्यूबचा मऊपणा, त्यामुळे यातलं फार काही दिसायचं नाही. आता तेच ४के टीव्हीवर भरलं की २४० ओळींच्या २१६० होतात, म्हणजे जो कोपरा तेव्हा एक पिक्सेल उडी मारायचा तो आता नऊ पिक्सेल उडी मारतो.

पण त्याच मशीनवर, एकाच १९९६ साली क्रॅश बँडिकूट आला आणि टूम्ब रेडर पण आला, दोन्ही शेजारी लावून बघा. क्रॅशच्या अंगावर तो बनवणाऱ्या नॉटी डॉग कंपनीच्या लोकांनी बहुतेक ठिकाणी टेक्स्चर लावलंच नाही, ५१२ त्रिकोण आणि साधे सपाट रंग, सगळा जीव चेहऱ्याच्या हालचालीवर. टेक्स्चर नाही म्हणजे पोहणार काय? तो आजही मस्त दिसतो. टूम्ब रेडरच्या नायिकेला, लाराला, मात्र खरी बाई दाखवायचं होतं, त्या मापाने आज ती अवघडलेली दिसते, आणि तरी मी म्हणेन की तिच्या त्या गुहांमधला अंधार अजून चांगलाय.

व्हाइस सिटीवर मी जास्त बोलणार आहे कारण मी या धंद्यात आलो तो त्या गेममुळे. २००२ ला प्लेस्टेशन २ वर आला, २००३ च्या मेमध्ये पीसीवर, आणि आमच्या सायबर कॅफेत पंधरा रुपये तास. त्यात फक्त गेमच्या नायकाला, टॉमीला, पळवत बसायचो नाही मी, फोल्डर उघडून फाइली बघायचो. त्यात एक साधी मजकुराची फाइल होती, टाइमसाइक नावाची, नोटपॅडमध्ये उघडायची, आत नुसते आकडे, पण ते आकडे म्हणजे अख्ख्या शहराचा उजेड. प्रत्येक हवामानासाठी दिवसाच्या चोवीस तासांच्या चोवीस ओळी, आणि प्रत्येक ओळीत त्या तासाला आकाश वरून कुठल्या रंगाचं, खालून कुठल्या, सूर्य कसा, धुकं किती अंतरावर सुरू, नजर कुठपर्यंत. मी संध्याकाळचे आकडे बदलायचो, गेम चालू करायचो, समुद्रावर जाऊन उभा राहायचो. हिरवी संध्याकाळ केली, काळी केली, आणि मूळ फाइल परत टाकली की ते गुलाबी-केशरी आकाश यायचं आणि कळायचं की कुणीतरी बसून हा रंग निवडलाय, सहा वाजताचा वेगळा, सात वाजताचा वेगळा.

म्हणून मी तुमच्या मुलाशी इथे पूर्ण सहमत नाही. टॉमीची बोटं एकमेकांना चिकटलेली आहेत, खरं आहे, गाड्यांच्या काचा म्हणजे निळसर पत्रे, लांबून इमारती अचानक उगवतात, पुलावरून पलीकडच्या बेटावर जाताना सगळं थांबून लोडिंग येतं कारण त्या मशीनच्या ३२ एमबीत अख्खं शहर एका वेळी मावायचं नाही. हे सगळं जुनं झालं. पण संध्याकाळी सात वाजता ओशन बीचवर निऑन लागतात, ते आजही जुनं झालेलं नाही, कारण तिथे खऱ्या मायामीची नक्कल नाहीये, १९८६ च्या मायामीबद्दलचं एक स्वप्न आहे, आणि स्वप्नाला रंग लागतो, त्रिकोण नाही लागत.

आणि हे न ओळखता दुरुस्ती केली की काय होतं ते सगळ्या जगाने २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये बघितलं. व्हाइस सिटी ज्या मालिकेतला त्या जीटीएच्या, व्हाइस सिटी धरून, तीन जुन्या गेमची नवी आवृत्ती आली, डेफिनिटिव्ह एडिशन. टेक्स्चर मोठे करायला सॉफ्टवेअर वापरलं गेलं आणि पाट्यांवरची अक्षरं चुकली, एका डोनटच्या दुकानावर मोठा नट होता, नटबोल्टातला षटकोनी नट, नावातच ती कोटी होती, टफ नट डोनट्स, तो गुळगुळीत करताना त्याचे कोपरे गेले आणि नुसतं गोल कडं राहिलं. त्या तिघांतल्या सॅन अँड्रियासमधलं धुकं काढून टाकलं, वाटलं असेल की आता मशीन ताकदवान आहे, लांबचं दिसू दे. तर डोंगरावरून बघितलं की तीन शहरं एकमेकांच्या अंगणात असल्यासारखी दिसायला लागली. ते धुकंच सांगत होतं की लास व्हेंचुरास हे त्यातलं शहर लांब आहे, तासभर गाडी चालवली पाहिजे. कंपनीने माफी मागितली, दुरुस्त्या आल्या, आणि २०२४ च्या नोव्हेंबरात जुन्या उजेडाचा पर्याय परत आणला. तो आला त्या रात्री मी तीन वर्षांनी पहिल्यांदा तो गेम परत उघडला.

मला त्या कलाकारांवर राग नाही, कारण मी स्वतः तेच केलंय. काही वर्षांपूर्वी आमच्या टीमकडे एका जुन्या गेमचं नवीकरण आलं होतं, नाव सांगत नाही. ६४ बाय ६४ ची विटांची भिंत, आम्ही ती १०२४ ची केली, प्रत्येक वीट खरी, खडबडीत, वर नवा उजेड जो दिव्याबरोबर हलतो. इंजिनमध्ये लावली आणि सगळं चुकलेलं, काय चुकलं ते दोन दिवस कळेना. मग जुनं टेक्स्चर मोठं करून बघितलं तर छज्जाखाली एक गडद पट्टा होता, आम्ही त्याला मळ समजून मळासकट नवीन रंगवलेलं. तो मळ नव्हता, सावली होती. त्या काळी मशीनला सावली पाडता यायची नाही म्हणून कलाकाराने ती हाताने भिंतीवरच रंगवलेली, आणि आता आमच्या खऱ्या दिव्याची सावली वेगळीकडे, त्याची रंगवलेली वेगळीकडे, एका छज्जाला दोन सावल्या. मग सहा आठवडे आम्ही एकेका टेक्स्चरमधून सावल्या पुसत होतो. पुसताना कळत होतं की त्या माणसाने ६४ पिक्सेलमध्ये सकाळ आणि दुपारच्या मधला नेमका कुठला उजेड धरला होता. एवढं मला कुठल्या कोर्समध्ये शिकायला मिळालं नाही.

आठवणीबद्दल पण विचारलंय तुम्ही. हो, ती भर घालते. मिरजेच्या वाड्याचं अंगण मला क्रिकेटच्या मैदानाएवढं आठवतं, मागच्या दिवाळीत मोजलं तर अठरा पावलं. गेमचंही तसंच, आपण तेव्हा जे बघत होतो त्यात पडद्यावरचं चाळीस टक्के असेल तर बाकी आपण भरत होतो. पण गेम ते भरायला जागा ठेवायचे, हे महत्त्वाचं आहे. प्रिन्स ऑफ पर्शिया घ्या, १९८९ चा, शाळेच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये आपण सगळ्यांनी खेळलाय. मागे काळाकुट्ट अंधार, चार विटा, दोन मशाली, बस्स. पण तो बनवणाऱ्या जॉर्डन मेकनरनी आपल्या धाकट्या भावाला पळताना, उडी मारताना, कड्याला लोंबकळताना व्हिडिओवर शूट केलं आणि एकेका फ्रेमवरून तो राजपुत्र काढला. त्याच्या पावलांना वजन आहे. कड्यावरून चढताना आजही माझे खांदे ताणतात. चित्र गरीब आहे पण हालचाल खरी आहे, आणि हालचालीला वय लागत नाही, हे मी नवीन अ‍ॅनिमेटरना शंभर वेळा सांगितलं असेल.

उलटंही सांगतो, सगळं जुनं सोनं होतं असं मी म्हणणार नाही. त्या पहिल्या थ्रीडीच्या लाटेत कितीतरी गेम निव्वळ थ्रीडी आहे म्हणून विकले गेले, तेव्हाही ते वाईटच दिसायचे, आपण नवलाईने माफ केलं. आणि झेल्डाचा विंड वेकर, २००१ मध्ये पहिल्यांदा दाखवला तेव्हा चाहते चिडले होते की हे काय लहान मुलांचं कार्टून, आम्हाला खराखुरा पाहिजे. ज्या खऱ्याखुऱ्या गेमशी तुलना केली ते आज बघवत नाहीत, विंड वेकर कालच काढल्यासारखा दिसतो.

आता मुलाला परत दाखवायचंय तर असं करा. पहिलं, चित्र रुंद टीव्हीवर ताणू नका, ४:३ ठेवा, बाजूला काळं राहू दे. ताणल्यावर मारिओ जाडा होतो आणि गोल नाणी अंडी होतात. टीव्हीत गेम मोड असतो तो लावा आणि चित्र सुधारणारे, हालचाल गुळगुळीत करणारे सगळे पर्याय बंद. एम्युलेटर, म्हणजे जुने गेम कॉम्प्युटरवर चालवणारं सॉफ्टवेअर, वापरत असाल तर त्यात सीआरटीचे शेडर असतात, म्हणजे चित्र जुन्या ट्यूबसारखं करणारे फिल्टर, रेट्रोआर्क या एम्युलेटरमध्ये सीआरटी रॉयल आहे, जरा जड आहे, सीआरटी इझीमोड हलका आहे. ४के टीव्ही असेल तर २४० ची बरोबर नऊपट होते, ओळी एकसारख्या बसतात, १०८० वाल्यावर चारपट करून वरखाली थोडी काळी जागा सोडा पण अर्धवट पट करू नका, नाहीतर काही ओळी जाड काही बारीक होतात. शेडरने चित्र थोडं अंधारतं, टीव्हीचा ब्राइटनेस वाढवा. प्लेस्टेशनच्या गेमना डकस्टेशन या एम्युलेटरमध्ये थरथर आणि पोहणं थांबवायची सोय आहे, पीजीएक्सपी नावाची, ती मी स्वतः चालू ठेवतो, पण रेझोल्यूशन फार वाढवत नाही. टेक्स्चर छोट्या पडद्यासाठी रंगवलेत, ४के वर नेले की कोपरे धारदार आणि मधे सगळं चिखल, ते जास्त विचित्र दिसतं.

व्हाइस सिटी पीसीवर लावताना फ्रेम लिमिटर चालू राहू दे, बंद केला की गाड्यांचं वागणं बिघडतं. आणि डिस्प्लेमध्ये ट्रेल्स नावाचा पर्याय आहे, तो लावून बघा, चित्रावर जो हलका धूसरपणा येतो त्यात संध्याकाळ वेगळीच दिसते. दिवसा बाराला सुरू करू नका, गेममध्ये संध्याकाळचे सहा-सात वाजू द्या, मग मुलाला बोलवा.

आणि जमलं तर एक ट्यूबवाला टीव्ही शोधा, खरंच. पुण्यात असाल तर जुन्या बाजारात बुधवारी किंवा रविवारी सकाळी चक्कर मारा, मला माझा १४ इंची तिथेच मिळाला. नाहीतर नातेवाइकांच्या माळ्यावर असतोच कुणाच्या तरी. घेताना लावून बघा, चारही कोपऱ्यांत रंगांचे डाग नाहीत ना, चित्र बाजूला वाकत नाही ना. मागचं झाकण मात्र स्वतः उघडू नका, बंद केल्यावरही आत जीवघेणा व्होल्टेज साठून राहिलेला असतो, त्यासाठी जुना टीव्ही मेकॅनिकच गाठायचा, आणि ते लोक आता कमी उरलेत पण फोन केला की आनंदाने येतात.

मुलासमोर सुरुवात कॉन्ट्रानेच करा, व्हाइस सिटी नंतर. जमिनीवर बसवा, सहा फुटांवर, दुसरा रिमोट त्याच्या हातात. पहिल्या स्क्रीनवर वर वर, खाली खाली, डावं उजवं, डावं उजवं, बी, ए, म्हणजे तीस जीव मिळतात. दोघांनी खेळायचं असेल तर स्टार्टच्या आधी सिलेक्ट दाबायला विसरू नका.